लेन्सचं पाणी

३ मार्च

प्रिय भुंग्या,

पाकीट उघडलंच आहेस तर आधी एवढं वाच: तुझी लेक ठीक आहे. तिला काहीही झालेलं नाही. पुढचं वाचायचं की फाडून टाकायचं ते मग ठरव.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, आणि एक ओळ सोडून एक लिहिते आहे. फोनच केला असता, पण माझा नंबर तू केव्हाच बंद करून ठेवला आहेस. शिवाय मी फोनवर घाईत बोलते, ते वेगळंच.

काल दुपारी ती दुकानात आली. मी काउंटरमागे उभी राहून काचा पुसत होते. एक उंच मुलगी आरशासमोर थांबली होती, एकही फ्रेम उचलत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. अशी गिऱ्हाइकं असतात, तासभर बघतात आणि 'परत येते हं' म्हणून जातात. म्हणून मी वर न बघताच विचारलं, "काय दाखवू?" तर म्हणते, "मावशी, मी आहे." दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा लांबून पाहिली होती तेवढीच. जिवणी अगदी तुझी, हसायच्या आधी एका बाजूला जाते. माझ्या हातातली काच पडली आणि फुटली. मालकांनी आतून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, भाची आलीय." नऊ वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून निघालं.

तिला लेन्स हव्या आहेत. शस्त्रक्रियेच्या खोलीत मदतनीस व्हायचं शिक्षण घेते आहे हे मला माहीतच नव्हतं. मास्क बांधला की चष्म्यावर वाफ धरते, सर्जन कात्री मागतात आणि ही चिमटा पुढे करते. परवा म्हणे सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. दोन्ही डोळ्यांना साडेपाच नंबर, म्हणजे चष्मा काढून पुसायचीही सोय नाही, पुसेपर्यंत समोरचं सगळं धुकं. घरी विचारलं तर आई जेवणावरून उठून गेली, म्हणाली.

उठलीस ते बरोबरच केलंस. मी तिला सांगून टाकलं, तुझी आई हो म्हणत नाही तोवर मी तुझ्या डोळ्याला हात लावणार नाही. ती म्हणते, "मी एकोणीस वर्षांची आहे, मला परवानगी लागत नाही." मी म्हटलं, तुला नाही लागत, मला लागते.

हे पत्र जुनं उकरून काढायला नाही. त्या दिवशी फोनवर मी सोल्यूशन म्हणाले आणि तू पाणी ऐकलंस, हे मी डॉक्टरांना सांगितलं, आईला सांगितलं, तुझ्या नवऱ्याला सांगितलं. तू नळाच्या पाण्याने लेन्स धुतलीस, त्यातल्या जंतूने तुझा उजवा डोळा खाल्ला, आणि याचं मला काहीच वाटत नाही असं तुला वाटत असेल तर वाटू दे. समजुतीचा घोटाळा झाला. आता मुलीचं काय करायचं तेवढं कळव. हो किंवा नाही, एका शब्दात चालेल. सोबत माझा पत्ता घातलेलं पाकीट ठेवते आहे.

ताई


१९ मार्च

भुंग्या,

पाकीट परत आलं नाही. येईल असं फारसं वाटलंही नव्हतं.

तुझी लेक मात्र परत आली. म्हणाली, "तू नाही दिल्यास तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. दहा मिनिटांत डबी हातात देतात." खोटं नाही. डबी देतात आणि म्हणतात, मोबाइलवर बघून शिका. गेल्या महिन्यात तिथूनच लेन्स घेतलेली एक बाई माझ्याकडे आली होती. लेन्स हरवली म्हणून तिने दुसरी लावली होती, आणि पहिली वरच्या पापणीखाली घडी होऊन चार दिवस तशीच बसली होती. मीच काढली. त्या बाईने माझे दोन्ही हात धरले, आणि मला तुझी आठवण आली म्हणून मी आतल्या खोलीत जाऊन खोटं खोटं काहीतरी शोधत बसले.

मग मी ठरवलं, शिकणारच असेल तर माझ्यासमोर शिकू दे. तू म्हणशील, मीही तुझ्यासमोरच शिकले होते. हो, शिकली होतीस.

झालं ते सगळं सांगते. आधी नखं बघितली, तिच्या शिक्षणामुळे ती कापलेलीच होती. मग हात. तिने कोपरापर्यंत धुतले आणि दोन्ही पंजे वर धरून दारात उभी राहिली, म्हणाली, "पेशंट कुठाय?" दुकानातली सगळी हसली. मालकसुद्धा. मी हात कोरडे करायला लावले, धागे न सुटणाऱ्या कापडाने, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. नळाच्या पाण्याचा एक थेंबही लेन्सला लागता कामा नये, म्हटलं. जरा जोरातच म्हणाले असेन, कारण ती दचकली.

लेन्स बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात धरायची. कड वाटीसारखी सरळ वर गेली तर सुलटी, बशीसारखी बाहेर पसरली तर उलटी. तुला शिकवलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "ताई, ही आपल्या आत्यासारखी आहे, उलटी का सुलटी ते कळायला वेळ लागतो." मी ते तिला सांगितलं. ती इतकी हसली की लेन्स बोटावरून उडून माझ्या कोटाला चिकटली. ती लेन्स मी टाकून दिली. तिला वाटलं मी धुऊन देईन.

पहिली लेन्स जायला चाळीस मिनिटं लागली. एका हाताने वरची पापणी धरायची, दुसऱ्याच्या मधल्या बोटाने खालची ओढायची, नजर वर, आणि तर्जनीवरची लेन्स हळूच टेकवायची. डोळा मिटतोच, बिचारा त्याचं काम करतो. माझी पाठ भरून आली. या वयात वाकून दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघत बसायचं म्हणजे संध्याकाळी स्वतःला सरळ करायला भिंत लागते. सातव्या खेपेला गेली. तिने डोळे उघडले, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "मावशी, समोरच्या पाटीचा एक खिळा निघालाय."

तू काय म्हणाली होतीस ते आठवतं का तुला? तू बाहेर बघितलंच नव्हतंस. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ताई, तुझ्या कोटाला खिशाशी भोक आहे, एवढं कसं दिसत नाही तुला?" आणि पर्समधून सुई काढून तिथल्या तिथे रफू केलंस. रफू करणारी बहीण आणि भोक पडलेला कोट घालून फिरणारी मी. तो कोट अजून वापरते. ते भोक कुठे होतं ते मला आजही सापडत नाही.

काउंटरवरच्या मुलीने पाण्याची नवी बाटली फोडून दिली, आणि तुझ्या लेकीने दोन्ही लेन्स काढून, तळहातावर चोळून, डबीत ठेवल्या. त्या लेन्स माझ्याच खणात आहेत. तू काही कळवेपर्यंत घरी द्यायच्या नाहीत असं ठरवलंय. दुसरी एक रिकामी डबी तेवढी हट्टाने घेऊन गेली, झाकण लावायचा सराव करते म्हणे. झाकणाचा कसला सराव!

जाता जाता मी विचारलं, घरी माझं नाव निघतं का. म्हणाली, "नाव नाही काढत. काढावंच लागलं तर आई 'ती दुकानवाली' म्हणते." मी हसले. ती हसली नाही. मग न विचारताच सांगत सुटली. तू आता लाँड्रीच्या खिडकीवर बसतेस, कपडे घेतेस, खुणा घालतेस. कुणी फाटका कोट आणून रफूचं विचारलं तर 'इथे होत नाही' म्हणतेस. चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून धरतेस, नाहीतर बाहेर सांडतो.

त्या दिवशी दुकानात फार गर्दी होती, भुंग्या. एवढं मात्र खरं. मी घाईत होते.

ताई


२८ मार्च

भुंग्या,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली. दोन्हींत मी बरी दिसत होते.

काल तुझी लेक तिसऱ्यांदा आली. आता तिचा हात बसलाय. दोन्ही लेन्स आपल्या आपण लावल्या, चार तास दुकानातच पुस्तक वाचत बसली, आणि आपल्या आपण काढल्या. उजवी लेन्स तळहातावर ठेवली आणि वर न बघता हात पुढे करून म्हणाली, "मावशी, आता पाण्याने धुवायची ना?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, "काय म्हणालीस?"

"पाण्याने."

"पाणी कुठे आहे इथे?"

"हे काय!" तिने सोल्यूशनच्या बाटलीला हात लावला. "तुम्ही सगळे हेच म्हणता ना? मघाशी तूच नाही का ओरडलीस, पाणी आण गं म्हणून?"

मी खुर्चीवर बसले. एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला काउंटरवरच्या मुलीने बघितलं.

भुंग्या, मी पाणीच म्हणाले होते.

आमच्या दुकानात लेन्सच्या सोल्यूशनला पाणीच म्हणतात. मी लागले तेव्हापासून म्हणतात, जी माझ्या आधी होती तीही म्हणायची. पाणी संपलं, पाणी मागवा, पाण्याची तारीख बघा. गिऱ्हाइकासमोर सोल्यूशन म्हणायचं हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि गिऱ्हाइकासमोर माझी जीभ कधी चुकली नाही. पण तू गिऱ्हाईक नव्हतीस. घरच्या माणसाशी मी जपून बोलले नाही.

तो दिवस मला सगळा आठवतो. सोल्यूशन म्हणाले एवढंच आठवतं, बाकी काही नाही, असं मी नऊ वर्षं सांगत आले, तेही खोटं. समोर एक माणूस होता, त्याची लेन्स डोळ्यात सुकून चिकटली होती आणि तो लहान मुलासारखा रडत होता. मी फोन खांद्याने कानाशी धरला होता. तू म्हणालीस, "ताई, लेन्स बेसिनमध्ये पडली, दहा मिनिटांत निघायचंय, काय करू?" मी म्हटलं, "अगं, पाण्याने धू आणि घाल." तू विचारलंस. तू नीट विचारलंस, भुंग्या. तू म्हणालीस, "पाण्याने? नुसत्या?" आणि मी म्हटलं, "हो गं, नुसत्या. साबण नको लावूस. मी करते नंतर फोन."

मी फोन केला नाही. चौथ्या दिवशी तूच केलास, डोळा टोचतोय म्हणालीस. मी म्हटलं, धूळ गेली असेल, थेंब टाक. लेन्स आधी काढ, एवढे तीन शब्द मी दिवसातून वीसदा लोकांना सांगते. तुला सांगितले नाहीत.

आणि सोल्यूशन म्हणाले असते तरी ते अर्धवटच होतं. बेसिनमध्ये पडलेली लेन्स नुसती धुऊन लगेच डोळ्यात घालत नाहीत. टाकून दे आणि चष्मा लाव, असं सांगतात. तुझा चष्मा पर्समध्येच असायचा. तेवढं म्हणायला मला काही जास्त वेळ लागला नसता.

मग डॉक्टरांची खोली. खिडकीला जाड पडदा होता, कारण तुला उजेड सहन होत नव्हता. तू तळहाताने डोळा झाकून बसली होतीस. डॉक्टरांनी विचारलं, लेन्स पाण्याने धुतली होती का. तू म्हणालीस, "ताईने सांगितलं धुवायला." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ते डॉक्टर आमच्या दुकानात पेशंट पाठवायचे, मालकांचे स्नेही होते. मी मनात काही ठरवायच्या आत तोंडाने बोलून मोकळी झाले: "मी सोल्यूशन म्हणाले. हिला नीट ऐकायची सवयच नाही."

पहिलं वाक्य भीतीने आलं. नोकरी जाईल, नाव जाईल, या भीतीने. दुसरं भीतीचं नव्हतं. लहानपणापासून घरात तुला वेंधळी म्हणायचे. कामात गुणगुणत बसायचीस, हाक मारली तरी ओ द्यायची नाहीस, म्हणून तर भुंगा. ते वेंधळेपण माझ्या हाताशी आयतं होतं, मी ते उचललं आणि तुझ्या गळ्यात घातलं. पुढे आईच म्हणायला लागली, "ताई रोज एवढ्या लोकांना शिकवते, ती कशी चुकेल? तूच ऐकलं नसशील." मला काही म्हणावंही लागलं नाही. गप्प बसलं की पुरत होतं. आईला खरं सांगायचं राहून गेलं असं मी लिहिणार नाही. मी सांगितलं नाही. ती तुला वेंधळी समजतच गेली.

आणि मी लोकांना सांगत राहिले, माझी बहीण मला पाण्यात पाहते. बघ, तिथेही पाणीच.

काल मी हे सगळं तुझ्या लेकीला सांगितलं, तिथेच, बाटली समोर ठेवून. तिने बाटली उचलून तिच्यावरचं लेबल वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे आई खरं बोलत होती." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मला नेहमी वाटायचं, आईच काहीतरी विसरली असणार. आजी तसं म्हणायची ना." तिने चष्मा लावला, पिशवी उचलली आणि गेली. लेन्स नेल्या नाहीत. मी हाक मारली नाही. तुझ्या स्वतःच्या मुलीलाही तुझं खरं वाटू नये, एवढी सोय मी करून ठेवली होती, हे मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

आज सकाळी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला? नऊ वर्षं झाली." मी म्हटलं, तुमची नऊ झाली. मग अर्धी रजा टाकून डॉक्टरांकडे गेले. म्हातारे झालेत, हात थरथरतो, पण जुने कागद ठेवलेत. तुझ्या कागदावर लिहिलं होतं, 'रुग्णाचा निष्काळजीपणा.' ते खोडता येत नाही म्हणाले. खाली आजची तारीख घालून एक ओळ लिहिली: 'रुग्णाने विचारले असता चुकीची सूचना देण्यात आली होती.' त्याखाली माझी सही घेतली. त्याची प्रत सोबत आहे. तुला तिचा काही उपयोग नाही हे मला कळतं. पण ती खोटी ओळ एकटी नसावी असं वाटलं.

दुकानात पाणी हा शब्द आजपासून बंद केलाय. काउंटरवरची मुलगी दुपारपर्यंत आठ वेळा चुकली. मी दोनदा.

माफ कर, असं लिहून खोडलं. तू ते द्यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. मी थकले आहे, भुंग्या. खोटं धरून उभं राहायचं म्हणजे सतत एका पायावर उभं राहण्यासारखं आहे, पण दमले हे सांगायलाही मला तोंड नाही, कारण कपाला बोट तू लावतेस.

ताई


१२ एप्रिल

भुंग्या,

तुझी लेक आलेली नाही. तिच्या लेन्स माझ्या खणात आहेत, मी दर तिसऱ्या दिवशी त्यांचं सोल्यूशन बदलते. जुन्यातच वरून थोडं ओतलं तरी चालेल असं बरेच जण समजतात. चालत नाही, सगळं ओतून टाकून नवं घालावं लागतं.

भीती एवढीच वाटते की माझ्यावरच्या रागाने ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली असेल. गेली असेल तर जाऊ दे. पण तिचा डोळा लाल झाला, टोचला, उजेड खुपला, अंधूक दिसायला लागलं, काहीही झालं, तर आधी लेन्स काढायला सांग आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे ने. लावून झोपू देऊ नकोस. अंघोळीला काढायला लाव. तू हे माझ्यापेक्षा बरं जाणतेस, तरी लिहिते. तेव्हा लिहायला हवं होतं.

दुकानातून घरी आले की काही करवत नाही. दिवाही लावत नाही, बूट न काढता तशीच खुर्चीत बसून राहते, आणि मग कधीतरी उठते. उत्तर नको. ती कुठून लेन्स घेतेय तेवढं कुणाकडून तरी कळव.

ताई


२ मे

भुंग्या,

डबी मिळाली.

काल ती आली. मी आत होते, काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, "तुमची भाची आलीय, आणि हसत नाहीये." मी हात पुसत बाहेर आले. तिने मी पाठवलेलं पत्त्याचं पाकीट पुढे केलं, तेच, दोन महिन्यांपूर्वीचं. मला वाटलं, आत माझीच पत्रं असतील, परत केलेली. पण पाकीट फुगलेलं होतं. ती सरावाला नेलेली रिकामी डबी निघाली.

तुझं अक्षर मी कुठेही ओळखेन. लाँड्रीत कपड्यांवर खुणा घालायची ती न पुसणारी शाई, आणि दोन्ही झाकणांवर एकेक शब्द. उजव्या झाकणावर 'पाणी'. डाव्यावर 'नाही'. 'पाणी'ची वेलांटी झाकणाच्या कडेवरून खाली घसरली आहे. कड कुठे संपते ते तुला कळलं नसणार. तरी तू हातात धरून, एवढ्याशा गोल झाकणावर लिहिलंस.

मी त्या वेलांटीवरून बोट फिरवलं. तुझी लेक म्हणाली, "आधी जुन्या बाटल्यांची दोन झाकणं सरावात वाया गेली. मग यावर जमलं." मग म्हणाली, "आईने एक विचारायला सांगितलंय."

"कुणाला?"

"तुला. म्हणाली, ताईला विचार, डबी किती दिवसांनी बदलायची असते."

मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. "ताईला विचार, असंच म्हणाली?"

"हो, असंच. का गं?"

काही नाही, म्हटलं. डोळे पुसायला मला कापड सापडेना, आणि इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलेय की कोटाच्या बाहीने डोळे पुसू नका.

तिला मी पुन्हा सगळं पहिल्यापासून शिकवलं. लेन्स नव्या दिल्या, महिनाभर वापरून टाकायच्या, आणि ज्या दिवशी फोडल्या ती तारीख तिच्याच हाताने लिहून घेतली. आठ दिवस रोज चारच तास, मग तपासणी. तपासणीला तिच्याबरोबर तू आलीस तर खिडकीजवळची खुर्ची हलवून ठेवते, तिथे उजेड फार येतो. नाही आलीस तरी चालेल.

तिला मी उत्तर दिलंय, पण विचारलंयस तू, म्हणून तुलाही सांगते, आणि या वेळी घाई न करता सांगते. लेन्स काढून झाल्या की डबीतलं सोल्यूशन रोज पूर्ण ओतून टाकायचं, डबी नव्या सोल्यूशननेच धुवायची, पालथी घालून उघडीच वाळवायची. आणि दर तीन महिन्यांनी डबी टाकून द्यायची, कितीही चांगली दिसत असली तरी. ही शाई पुसली जाणार नाही, मला माहीत आहे, पण तरीही टाकायची.

मग नव्या डबीवर तुला पुन्हा लिहावं लागेल. कोऱ्या डब्या मी इथून पाठवत जाईन.

तुझी,
ताई